नावाआधीची जागा

रे रोडला, गोदी कामगारांच्या पतपेढीत
माझ्या टेबलावर अकरा हजार तीनशे सहा माणसं आहेत,
एकाखाली एक, तक्त्यात.
तक्त्याच्या डोक्यावर कोरी पट्टी.
तिच्यात घ टाइप केला
की बाकीचे निमूट उठून जातात.
काना दिला की घरत जातात, घोसाळकर जातात.
घाडीपर्यंत येता येता उरतात सतरा जण,
फलाटावर शेवटच्या एस.टी.ची वाट बघत.

तांदूळ निवडताना निदान खडा बोटाला लागतो.
इथं काय गेलं ते कळतही नाही.

मंगळवारी सरोजिनीबाई आल्या.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक,
पहिलं पान वाळवीनं खाल्लेलं.
"बाबांचे दहा शेअर होते म्हणे.
घाडीगांवकर, अनंत शिवराम."

अनुस्वार देऊन पाहिलं. काढून पाहिलं.
घाडी वेगळं, गावकर वेगळं करून पाहिलं.
तक्ता पांढराफटक. खाली कोपऱ्यात: ० नोंदी.
त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी शून्याकडे.
"एकवीस वर्षं क्रेन चालवली हो त्यांनी."

थांबा म्हटलं,
आणि एकेक अक्षर मागं घेत गेले.
माणसं परतली. सतरा, मग शेकडा, मग सगळी,
कुणी कुठं गेलंच नव्हतं अशी.
बारा वर्षांत पहिल्यांदा मी यादी वरून वाचायला घेतली,
काचेवर बोट ठेवून, वही वाचतात तशी.

पहिल्याच ओळीत होते.
अणावकरांच्या आधी, अ च्याही आधी,
नावाआधी एक रिकामी जागा घेऊन.

दोन हजार चार साली वह्या यंत्रात उतरवल्या
त्या पाडलोसकरांनी. लांब बटणावर
अंगठा टेकून विचार करायची सवय त्यांना.
एवढंच. एक ठोका, न दिसणारा.
पट्टी फक्त सुरुवात बघते,
आणि यांच्या सुरुवातीला घ नव्हता,
काहीच नव्हतं.

"सापडले?"
"वरच होते," मी म्हटलं,
आणि बाईंनी मान उचलून
पंख्याकडे पाहिलं.

जागा पुसली तसे ते खाली गेले,
आपल्या माणसांत, अठरावे.
फॉर्म भरला, सही झाली, वारसाचा दाखला पुढच्या वेळी.

त्यांच्या जागी वर आता तोडणकर आहेत.
त्यांच्याखाली अजून तिघं, तसेच, किंचित आत सरकलेले.
दीड वाजून गेलाय. डबा अजून
पिशवीतच आहे.