सबब

शारजात, रोळ्याच्या मागच्या गल्लीत,
झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर माझं टायपिंग सेंटर.
एसीचं पाणी तेलाच्या डब्यात टपटपतं,
डबा भरला की उठतो.
बाकी दिवसभर लोकांची दुःखं
उजवीकडून डावीकडे लिहितो.

मयेकर आले ते ऑगस्टात.
हेमांगीच्या कडेवर ऊर्वी, चार वर्षांची,
कडेवर न मावणारी, मान एका बाजूला.
नीळकंठ चिलरचा मेकॅनिक. मुलीचं आजारपणही
त्याने मशीन बिघडल्यासारखंच सांगितलं,
आधी हे झालं, मग ते:
अठराव्या महिन्याची लस, रात्री ताप,
पहाटे आकडी. मग आकड्याच.
वकील म्हणालाय, परकारांकडून अरबीत करून आणा.

हेमांगी एकदाच बोलली,
“मीच नेलं होतं. रांगेत पहिला नंबर होता आमचा.”
टोचणी म्हणजे सुईची, आणि टोचणी म्हणजे ती दुसरी.
हे वाक्य मी अर्जात घातलं नाही.

अडलो एकाच शब्दावर.
तिच्या अक्षरात होतं, लसीनंतर.
त्याने खोडून वर लिहिलं होतं, लसीमुळे.
पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावरही
उमटलं होतं, उलटं.

नंतरला अरबीत म्हणतात बअद. कारणाला, सबब.
दापोलीला आमच्या शाळेत बाद म्हणजे लाल फुली
आणि सबब म्हणजे गृहपाठ का नाही केला, त्याची थाप.
गलबतातून येताना या शब्दांनी काय सोसलं
कोण जाणे. आपल्या बंदरात उतरले ते असे.
इथे मात्र सबब सिद्ध करावी लागते.

“कुठला ठेवू?”
“मुळे,” नीळकंठ म्हणाला.
मी टाइप केलं. माझं काम तेवढंच.

माझ्या डाव्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे,
चार आण्याएवढा, अजून चकचकीत.
माझ्या आईच्या गालांवर देवीचेच वण होते,
मोजायची हिंमत नव्हती कुणाची.
बाही वर करावीशी वाटली. केली नाही.
रडणाऱ्यासमोर आपला दंड काढून दाखवू नये.

अकरा महिने. पाच तारखा.
मग समितीचा अहवाल, चौदा पानं,
आता उलट दिशेने, मराठीत सांगायचा.
ताप लसीचा असू शकतो, लिहिलं होतं,
आजार लसीचा नाही. एका जनुकात दोष,
जन्माआधीपासूनचा. हा ताप नसता
तर पुढच्या सर्दीचा ताप पुरला असता.

“म्हणजे आमच्यामुळे?” नीळकंठचा आवाज चढला.
मी पान उलटलं. आईत दोष आढळत नाही.
बापातही नाही. आपसूक झालेला बदल.

“परत वाचा, काका.”
वाचलं.
“आईचं तेवढंच वाचा.”
तीनदा वाचलं. ती ऐकत होती
बंद कुलपात किल्ली फिरताना ऐकावं तसं.
तो अपिलाची फी मोजत होता,
तीस दिवस, तीस दिवस, असं पुटपुटत.
दोघंही एकाच बाकावर बसले होते.

तेवढ्यात ऊर्वीने टेबलावरचा शिक्का उचलला,
अस्सल प्रतीवर मारतो तो, जांभळ्या शाईचा,
आणि मारला स्वतःच्या दंडावर. एकदा,
मग पुन्हा, जोर लावून.
वर्षभरात तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

हेमांगीने पदराचं टोक ओलं करून घासलं.
“काय लिहिलंय यावर?”
मी म्हटलं, मुळाबरहुकूम.
आठवडाभर तरी जायचं नाही ते.

नीळकंठने विचारलं, “किती झाले?”
डबा भरला होता. मी उठलो.