चोवीस लाद्या

येफीम लुकिच, वय अडतीस,
कोयलीच्या रिफायनरीत व्हॉल्व्ह तपासायला आलेला,
वरचे चार दात स्टीलचे.
तो हसला की आम्ही पोरं मोजायचो.

बाबा त्याचे दुभाषे. बडोद्याला दोन वर्षं शिकलेलं रशियन,
बाकी सगळं डिक्शनरीच्या भरवशावर.
इथे येण्याआधी काय करायचास, विचारलं
तर म्हणाला, झाशीतनिक.
डिक्शनरीत निघालं: राखणारा, बचाव करणारा.
वकील असाही एक अर्थ.
(पुढे मी तो घेतला.)
शेजारचे तांबवेकर म्हणाले, अहो, नावातच आहे की,
हा झाशीचा. देणार नाही म्हणजे नाही.
तेव्हापासून सगळ्या कॉलनीत तो झाशीकर.

झाशीकरांची कारकीर्द बाबांनी घरी आणली
रोज संध्याकाळी थोडी थोडी, भाजीसारखी.
उरल डोंगराकडचं गाव, पंपांचा कारखाना,
कारखान्याचा संघ, बर्फावरची हॉकी.
अकरा हिवाळे. गोल तीन.
त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात,
आणि तोच त्याला नीट आठवायचा:
कुठला कोपरा, किती मिनिटं उरलेली,
कठड्यामागे कोण बाई ओरडली.
जे गोल झाले नाहीत त्यांची वही कुणी ठेवत नाही,
हे तो म्हणाला, की बाबांनीच मधे घातलं,
आता कुणाला विचारू?

अकराव्या हिवाळ्यात डावा गुडघा गेला.
कारखान्यानं घड्याळ दिलं, आणि व्हॉल्व्हखात्यात टेबल.
काम तेच आहे, तो म्हणे,
जिथून जाऊ नये तिथून काही जाऊ द्यायचं नाही.

सासष्टच्या मे महिन्यात त्याच्या परतीची तारीख आली.
त्यानं पाणीगेटच्या हाशमभाईंना निरोप धाडला:
चोवीस लाद्या, पहाटे चारला, भुसा झटकून.
हाशमभाईंनी बाबांना विचारलं, लग्न की मयत?
बाबांना दोन्हीचं रशियन येत होतं.

गॅरेजसमोर गोणपाट, गोणपाटावर लाद्या,
फटींत किटलीनं ओतलेलं पाणी, जे शेवटपर्यंत गोठलं नाही.
सगळं मिळून आमच्या स्वयंपाकघराएवढं.
ट्रंकेच्या तळातून पात्यांचे बूट निघाले,
ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
तो चढला,
आणि ऑफिसात लंगडणारा माणूस लंगडेना.

मग तो मागे गेला.
तोंड आमच्याकडे, पाठ गॅरेजच्या दाराकडे,
दार किती अंतरावर ते पाठीला ठाऊक.
दूधवाला सायकल धरून उभा, किटल्या गप्प.
पुढे जायला तुमच्याकडे खूपजण असतील,
बाबा कट्ट्यावरून भाषांतर करत होते,
मागे जाताना डोळे पुढे ठेवणारा एक लागतो.

मला म्हणाला, ये.
रावपुऱ्यातली हॉकी, बूटपॉलिशची डबी,
पायात बाबांचे लोकरी मोजे.
डबीकडे बघू नकोस, डबी फसवते,
डोळे तर फसवतातच. छाती बघ.
छाती वळेल तिकडेच माणूस जाणार.
सात वेळा गेले.
सात वेळा डबी त्याच्याकडे आणि मी गोणपाटावर.
आठव्यांदा छाती डावीकडे नेली, हात उजवीकडे,
आणि दाराचा पत्रा वाजला.

पोरं ओरडली. तांबवेकर म्हणाले, सोडली हो त्यानं, लहान आहे म्हणून.
पण मी त्याचा चेहरा पाहिला होता.
एकही स्टीलचा दात दिसत नव्हता.
तो डबीकडे पाहून एकच शब्द बोलला,
तोंडातल्या तोंडात,
आणि बाबांनी पहिल्यांदाच भाषांतर केलं नाही.

ऊन आलं. हाशमभाईंनी तडकलेल्या दोन लाद्या वजा केल्या.
नऊपर्यंत सिमेंट कोरडं.

रात्री बाबा डिक्शनरी घेऊन बसलेले,
बोट एकाच पानावर.
नाहीये यात, म्हणाले.
आणि पान मिटलं, जरा घाईनंच.