चिमटा

बटाटे मीच तळते. दोनदा.
आधी मंद, मग कडक.
गेंटच्या कालव्याकाठी, या टपरीत,
तीस वर्षं हात चुकलेला नाही.

पोटाला चिमटा घेऊन माझी आई जगली.
मी तो पैसे मोजून बसवून घेतला:
सिलिकॉनचं कडं,
बाळाच्या मनगटात बसेल एवढं.
डॉक्टर सुई टोचून आवळतात, सैल करतात.

आता नातीच्या बशीत जेवते.
उकडलेला मासा, गाजराचा लगदा.
घास वीसदा चावायचा, चमचा खाली ठेवायचा,
थांबायचं.
पाणी नंतर, अर्ध्या तासाने.
पाव अडकतोच. एकदा तर
बेसिनवर वाकून रडले होते
पावाच्या एका कडेसाठी.

या थांबण्यात कळलं,
ओडिलॉन जेवताना गुणगुणतो.
बावीस वर्षं कधी ऐकलंच नव्हतं.

काल एक पोरगा आला, ओलाचिंब.
"मोठा कोन. मेयोनीज जास्त."
भरला. वर आणखी मूठभर.
झाऱ्यात एक फोड उरली.
उचलली, फुंकर मारली,
दाताखाली धरली.

पोरगा सुट्ट्या पैशांसाठी ताटकळलेला,
मी अजून अकरावर.