पुढे दलदल आहे

जानेवारीत काळे कपडे घालून या रानात शिरू नये,
हे रोसामेल नागिलनं मला बोटीतच सांगितलं होतं.
माझ्याकडे दुसरा सदरा नव्हता.
दोन दिवस घोडमाश्या माझ्यामागे, मी त्याच्यामागे,
तो कशामागे, ते त्यानं सांगितलं नाही.

वय अठ्ठ्याहत्तर. एका गुडघ्यात पाणी.
कोयता मात्र असा चालवायचा
की किलाचं बांबूबेट आपणहून बाजूला सरतंय असं वाटावं.
दुसऱ्या सकाळी चुकाओ पक्षी डावीकडून बोलला
आणि म्हातारा ओंडक्यावर बसून राहिला.
"उजवीकडून बोलेपर्यंत उठायचं नाही."
सव्वा तास.
मी विद्यापीठाचा रोजचा भत्ता मनात मोजत होते.
मग पक्षी उडून पलीकडे गेला असावा,
किंवा दुसराच कुणी बोलला असेल.
रोसामेलला तेवढं पुरलं.

पुढे खुंटांचं मैदान लागलं.
आलेर्सेचे खुंट, चांदीच्या रंगाचे, जळूनही न कुजलेले,
एकेकावर बैलजोडी उभी राहील एवढे.
तो त्यांच्यामधून गावातून जावं तसा चालला,
"हे खाडीपल्याडच्या देवळाचं छप्पर.
हे एर्सिराचं, बहिणीचं घर. तीन हजार लाकडी कौलं.
हे माझ्या लग्नातले बूट.
हे बापाचं औषध. उपयोग नाही झाला."
एका खुंटापाशी काहीच बोलला नाही,
टोपी काढली, पुन्हा घातली.
मीही विचारलं नाही.

घळ उतरायला अख्खी दुपार गेली.
खाली उजेड हिरवट, हौदाच्या तळाशी असतो तसा.
आणि मला झाड दिसलंच नाही.
भिंत दिसली, शेवाळलेली, उभ्या चिरांची,
तिला हात टेकून मी धाप आवरत होते
तेव्हा तो म्हणाला, "हेच ते."

"एकोणीस वर्षांचा होतो. बाप आणि मुकादम वर कड्यावर.
अंगानं हलका, म्हणून दोराला बांधून मला खाली सोडलेलं.
वरून ओरडले, काय आहे रे?
म्हणालो, पुढे दलदल आहे. काही नाही.
का म्हणालो, कुणास ठाऊक. घरात खायला नव्हतं.
त्या हिवाळ्यात आम्ही बटाट्याचं बियाणं खाल्लं.
एकोणसाठ वर्षं हे झाड पोटात ठेवलंय,
बायकोलासुद्धा बोललो नाही.
आता डोळे चाललेत.
कुणाला तरी ठाऊक असावं, एवढंच."

टेप दहा मीटरचा. पुरला नाही.
त्यानं कमरेचा लोकरी पट्टा सोडून गाठ मारली.
दोघं दोन बाजूंनी निघालो, एकमेकांना न दिसता,
खोडापलीकडून त्याचं खोकणं तेवढं येत होतं.

गिरमिट हातभर आत गेलं आणि संपलं.
झाड संपलं नाही.
काडीएवढा तांबूस नमुना बाहेर आला,
भिंगाखाली एका नखाच्या रुंदीत चाळीस कडी.
रोसामेलचं सगळं आयुष्य दोन नखांत मावलं.
त्याला दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,
"ते बियाण्याचं वर्ष कुठलं?"
मी मोजत मोजत सुई टेकवली.
बाकीच्यांसारखंच होतं, जरासं बारीक.
"त्यालाही जड गेलं तर," तो म्हणाला,
कुणी जुना सोबती भेटावा तशा आवाजात.
भोक त्यानंच मेणानं बुजवलं, अंगठ्यानं दाबून,
मग अंगठा सदऱ्याला न पुसता तसाच ठेवला.

रात्री बॅटरीच्या उजेडात तक्ता भरला.
घेर: दहा मीटर आणि एक पट्टा.
वय: मोजणी अपुरी.
स्थानाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
यंत्रात आकडे तयार होते, शेवटच्या दशांशापर्यंत.
तो घोरत होता, पाय शेकोटीकडे,
गुडघ्याला माझा काळा सदरा गुंडाळलेला.
मी लिहिलं:
पुढे दलदल आहे. काही नाही.