कात्री लावायच्या आधी

अहिरराव वहिनींनी टेबलावर पसरलं तेव्हा
मला वाटलं, घोंगडी आहे.
काळी, जाड, टोकाला सुटे दोरे.
"बामाकोचं आहे. ह्यांनी आणलं.
सहा उश्यांचे अभ्रे कर, सोळा बाय सोळा.
आणि आधी धू. मातीचा वास येतो."

साहेब तीन वर्षं तिकडे होते,
सातपूरचे पंप नायजर नदीच्या काठी बसवत.
येताना घर भरून आणलं.
हॉलमध्ये गालिचा, मोरोक्कोचा,
पांढऱ्या लोकरीवर काळ्या वाकड्या चौकटी.
त्यावर वहिनींची जुनी चादर,
चादरीवर वर्तमानपत्र.
येणारे-जाणारे सगळे कडेकडेनं चालतात,
नुकतंच पेरलेलं शेत चुकवावं तसे.

कापड घरी आणलं. वास घेतला.
वास ओळखीचा निघाला.

दोन हजार आठला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला
तेव्हा आम्ही टाळकुटेश्वराजवळ राहायचो.
पाणी ओसरल्यावर मशीन उपसून काढलं,
आणि गिऱ्हाइकांची चौदा ब्लाऊज.
सोडा, रिठा, लिंबू. चार दिवस घासत होते.
गाळ निघाला, डाग राहिला.
चौदा जणींच्या घरी जाऊन पैसे देऊन आले.

साहेब सांगत होते, गॅलरीत, चहा निवत ठेवून:
तिकडे बायका नदीचा गाळ मडक्यात मुरवतात,
वर्षभर, लोणच्यासारखा.
पाल्याच्या पाण्यात कापड पिवळं करायचं,
मग गाळ भरायचा. वाळवायचं, धुवायचं, परत भरायचा.
पांढरी नक्षी कुणी काढत नाही म्हणे.
भोवतीचं काळं भरत जायचं,
उरतं ते पांढरं.

मी जे चार दिवस काढत बसले होते
ते कुणीतरी तिथे
बसावं म्हणून वाट बघत होती.

मग उलटं केलं.
शिवणारी माणसं आधी उलटी बाजू बघतात.
नऊ पट्ट्या, एकेक वीतभर रुंद,
हातानं जोडलेल्या.
टाके डावीकडे कललेले, माझ्यासारखे.
(आई मला मारायची नाही,
फक्त सुई काढून उजव्या हातात द्यायची,
परत परत.)
सहावी पट्टी सातवीला मिळते तिथे दोरा संपलाय,
दुसरा जोडलाय. गाठ लपवलेली नाही.
कुणी हाक मारली असेल.
मूल उठलं असेल.
मला काय माहीत.

खडूनं सोळा इंच मोजले.
रेघ बरोबर मगरीवरून जात होती.
साहेब म्हणतात ती मगर,
वहिनी म्हणतात चुकलेली रांगोळी.
कात्री उघडली. मिटली.
उसवलेलं परत शिवता येतं.
कापलं की तुकडा,
त्याला अभ्रा म्हणा नाहीतर पायपुसणं.

वहिनींना सांगितलं, होत नाही.
"होत नाही म्हणजे?"
जाड आहे, सुई मोडते.
(खोटं. माझं मशीन जीन्स शिवतं.)

मागून काळ्या सुती कापडाची नळी लावली,
दांडी सरकवायला.
हाताशिलाईनं, डाव्या हातानं,
आणि शेवटची गाठ दिसती ठेवली.
अभ्रे मेन रोडच्या खाकी कापडाचे केले.
साहेब स्टुलावर चढले, वहिनी खालून:
"डावीकडे. अजून थोडं. आता तिरकं झालं."

नळीचे ऐंशी रुपये, अभ्रे वेगळे.

आठवड्यानं वहिनींचा फोन.
"अगं, अगरबत्ती लावली तरी वास येतोच.
नीट धुतलं होतंस ना?"
म्हटलं, दोनदा.