बटाट्याची सुट्टी

आमची शाळा ऑगस्टातच भरायची,
कारण सप्टेंबर सरता सरता ती पुन्हा बंद व्हायची.
तीन आठवडे.
सणासाठी नाही, बटाट्यासाठी.
जमीन गोठण्याआधी सगळं वर यायला हवं,
हे गणित मास्तरणीला शिकवावं लागत नसे.

नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे मेन,
काठावर आम्ही, सँत-ओदीलचे,
घरात फ्रेंच आणि वर्गात गप्प.

शाळेची इमारत एप्रिलात विकली गेली.
हजेरीबुकांची सतरा खोकी माझ्या ओसरीत आली.
"एकवीस वर्षं घंटा तूच वाजवलीस,
आता ओझंही तूच सांभाळ,"
क्लोविस मिशो म्हणाला, आणि ट्रक चालूच ठेवला.

जुनी पानं उंदरांनी कडेकडेने वाचलेली.
आईच्या वेळचं एक बूक निघालं.
तेव्हा मुलांना दोन पाट्या असत:
एक दगडाची, पुसून कोरी करायची,
एक ॲशच्या कामट्यांची, भरून ओतायची.
दुसरीनेच पाठ वाकली.
आई पहिलीबद्दल कधी बोलली नाही.

मग त्रेचाळीस सालचं बूक.
ओन्येजीम, फर्नांद, अल्फेना, मी,
आणि वर सुबक अक्षरात: मिस टोझिअर.
बँगरहून आलेली, टाचेचे बूट, खिशात चिमुकली शिट्टी.
मधल्या सुट्टीत फ्रेंच शब्द सापडला
की शंभर ओळी:
मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही.
अल्फेनाने त्या इतक्या वेळा लिहिल्या
की तिला इंग्रजीतलं तेवढंच वाक्य
न चुकता यायचं.

त्या वर्षी पुरुष लढाईवर होते.
पेल्तिएंच्या सव्वीस एकरांवर हात कमी पडले.
पाद्रीसाहेबांनी विनंती केली, आणि एका पहाटे
दव गोठून पांढऱ्या झालेल्या सरीत
मिस टोझिअर उभी राहिली,
मापाबाहेरचे गमबूट घालून.
पिंपावर लावायला तिला चिठ्ठ्या मिळाल्या, नंबर एक्केचाळीस.
पिंपाला पंधरा सेंट.

दुपारपर्यंत तिची तीन पिंपं झाली.
फर्नांदची अकरा, आणि तो नऊ वर्षांचा.
पोत्यावर बसून आम्ही कुट्टूचे प्लॉय खात होतो,
लोणी लावून, गुंडाळी करून,
आणि मोठमोठ्याने बोलत होतो.
शेतात शिट्टी नव्हती.
मादाम पेल्तिएला इंग्रजी येत नव्हतं.
मिस टोझिअरने आधी हाताने खूण केली,
मग गळ्याकडे बोट नेलं,
मग आमच्याकडे पाहिलं.
कोणी मदत केली नाही.
शेवटी ती हळूच म्हणाली, "द लो."
पाणी.
अल्फेना उठली आणि भांडं भरून आणलं.
हसलं कोणीच नाही. ते मला अजून नवल वाटतं.

शाळा भरली तेव्हा काय बदललं?
फार काही नाही.
ओळी पन्नासवर आल्या.
ओन्येजीमच्या पायात नवे बूट आले,
फर्नांद पुढल्या वर्षी शाळेत आलाच नाही;
त्याच्या नावापुढे तिने आडवी रेघ ओढलीय,
आणि शेवटाला शाई थोडी फुटलीय.

मग यंत्रं आली. एक यंत्र
चाळीस पोरांच्या कमरा वाचवतं, हे मान्य.
सुट्टी आधी दोन आठवड्यांची झाली, मग एकाची,
मग फक्त मोठ्या मुलांची,
मग मुलंच कमी झाली.

इमारत क्लोविसनेच घेतली.
परवा मी सहज डोकावले.
तिसरीच्या वर्गात बियाण्याचे बटाटे
खोक्यांत रांगेने ठेवलेत,
खिडकी फळीने बंद.
एका फटीतून उजेड येतो,
सगळे कोंब त्याच बाजूला वळलेत.
फळा तसाच भिंतीवर.
खडूचा एक तुकडा सापडला.
लिहावं म्हटलं, आपल्या भाषेत, एक तरी शब्द.
पताट.
तोंडाला तो ऐंशी वर्षं पाठ आहे.
हात फळ्यापाशी थांबला:
शेवटी एक टी की दोन,
मला कोणी शिकवलंच नव्हतं.