मिशीतला पांढरा

दरवर्षी राज्यारोहणाच्या आठ दिवस आधी
बसऱ्याच्या कस्टम हाउसवरून राजा मुझाहिम खाली उतरतो,
दोरांनी, मग चौघांच्या खांद्यावर,
आणि अशारच्या खाडीलगत माझ्या शेडमध्ये
उताणा निजतो. बारा फूट.
मी त्याला एका वर्षाने म्हातारा करतो.

पगारपत्रकावर लिहिलंय 'चित्रदुरुस्ती'.
डोळ्यांखाली थोडा मातकट हिरवा,
मिशीत जस्ताच्या पांढऱ्याची एक रेघ. दोन नाहीत.
दरबारातून पत्र येतं, त्यात रेघांचा आकडा असतो.
जवसाच्या तेलात मी त्याला टिकवतो;
बाकीचं जमिनीखालचं तेल बघून घेतं.

सावंतवाडीला वडील गंजिफा रंगवायचे.
लाखेच्या गोल पानावर नखाएवढा राजा,
मागे छत्र, पुढे हात जोडून कुणीतरी.
संस्थान विलीन झालं त्या दिवशीही
त्यांनी तिन्हीसांजेपर्यंत सहा राजे वाळत घातले होते.
खेळाचा नियम असा, की
दिवसा पहिली उतारी रामाची, रात्री कृष्णाची.
रंग खलता खलता हे मी चासिबला सांगितलं.
(इथल्या अरबीत 'च' आहे,
म्हणून त्याचं नाव चासिब आणि माझं चितारी शाबूत.)
तो म्हणाला, 'आणि उजाडताना?'

उजाडतानाचं वडिलांनी काही सांगितलं नव्हतं.

उजाडतानाच तर झालं सगळं.
जुलै महिना. झुबैरच्या रस्त्याने रणगाडे निघालेले,
आणि होड्यांच्या पुलाचे दोन तराफे
दाखिल पूलवाल्याने बाजूला सारून ठेवलेले,
खजुराचं एक गलबत जायचं होतं म्हणून.
गलबत गेलं. तराफे तसेच.
कुणी म्हणतं इमान, कुणी म्हणतं झोप.
त्याची बायको मरेपर्यंत सांगत राहिली,
दाढ दुखत होती हो, लवंग आणायला गेला होता.
चाळीस मिनिटं.
तेवढ्यात राजवाड्यातला पहारा जागा झाला
आणि एकोणीस वर्षांचा मुलगा
ज्या जिन्यावरून खाली येणार होता
त्या जिन्यावरून आला नाही.

म्हणून शत्तच्या दोन्ही काठांना खजूर अजून उभे आहेत,
मोजणाऱ्याला झोप येईल इतके.
म्हणून नदीच्या तळाशी कुठलंच लढाऊ जहाज नाही,
बेलमवाले रात्री कंदील न लावताही वल्हवतात,
आणि मला महिन्याच्या एक तारखेला पगार.
आणि म्हणूनच
रुमैलाच्या विहिरींवर संप झाला त्या साली
चासिबच्या भावाला, अब्दुल-वाहिदला,
वाळवंटातल्या तुरुंगात नेलं ते नेलंच.
दुसऱ्या एखाद्या इतिहासात तो वाचला असता का?
की पहिल्याच आठवड्यात गेला असता?
चासिब म्हणतो, मला एकच इतिहास मिळाला, त्यातलं विचार.

काल काम संपलं. पांढरा थोडा उरला होता.
त्याने खिशातून फोटो काढला, कोपरे झिजलेला.
वय सव्वीस.
'याच्याही मिशीत घाल,' म्हणाला.
'किती रेघा?'
'सत्तावीस वर्षांच्या.'
चेहरा कसा उतरला असेल, गाल कुठे बसले असतील,
कुणाला माहीत?
त्याने दिवा स्वतःच्या तोंडाजवळ धरला.
'इथून घे.'

कापड दुसरं नव्हतं.
राजाला आम्ही दोघांनी पालथा केला
आणि त्याच्या पाठीवर, बरोबर छातीच्या मागे,
गंजिफाच्या पानाएवढा गोल आखून
मी अब्दुल-वाहिदला त्रेपन्न वर्षांचा केला.
वडिलांचा हात आठवत होता. श्वास धरून.

तेलरंग वाळायला आठवडा लागतो.
आज सकाळी बँड वाजला, दोर ताणले गेले,
राजा वर चढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.
कुणीतरी म्हणालं, यंदा थकलेले दिसतात.
चासिब टाळ्या वाजवत नव्हता.
तो भिंतीकडे बघत होता,
जिथे आता, कापडाच्या मागे,
एक ओला गोल टेकला असेल.